व्हिटनी ह्यूस्टनचा पहिला अल्बम: समीक्षा, खप आणि चार्ट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅरिस्टा रेकॉर्ड्सने १४ फेब्रुवारी १९८५ रोजी एका २१ वर्षांच्या गायिकेचा पहिला अल्बम बाजारात आणला. नाव गायिकेचेच: ‘व्हिटनी ह्यूस्टन’. या अल्बमबद्दल जितके लिहिले गेले आहे तितकाच घोळही झाला आहे. दुसऱ्या अल्बमचे विक्रम पहिल्याच्या नावावर चढवले जातात, प्लॅटिनम आणि विक्री एकच समजली जाते, समीक्षकांनी त्याला झोडपले असे कोणी म्हणतो, तर डोक्यावर घेतले असे दुसरा. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

अल्बममध्ये नेमके काय आहे?

दहा गाणी आणि चार निर्माते. कशीफ यांच्याकडे ‘यू गिव्ह गुड लव्ह’ आणि ‘थिंकिंग अबाउट यू’ ही दोन. जर्मेन जॅक्सन यांच्याकडे ‘समवन फॉर मी’, ‘नोबडी लव्ह्ज मी लाइक यू डू’ आणि ‘टेक गुड केअर ऑफ माय हार्ट’ ही तीन. त्यातल्या शेवटच्या दोन गाण्यांत ते स्वतः तिच्यासोबत गायले आहेत. मायकल मासर यांच्याकडे ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’, ‘ऑल अ‍ॅट वन्स’, ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ आणि टेडी पेंडरग्रास यांच्याबरोबरचे युगुलगीत ‘होल्ड मी’ ही चार. नारडा मायकल वॉल्डन यांच्या वाट्याला एकच गाणे आले, ‘हाउ विल आय नो’.

ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. समीक्षकांची बरीचशी तक्रार तिच्यातूनच निघते: चार हातांनी घडलेला अल्बम एकजीव वाटत नाही.

करार १९८३ चा आणि अल्बम १९८५ चा. मधली दोन वर्षे कुठे गेली?

गाणी शोधण्यात. अ‍ॅरिस्टाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी तिला न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये ऐकले. तिथे ती आई सिसी ह्यूस्टन यांच्या कार्यक्रमात गात असे. करार १९८३ मध्ये झाला. ती स्वतः गाणी लिहीत नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त दुसऱ्यांच्या गाण्यांवर होती, आणि कोणी ओळखत नसलेल्या मुलीला आपले उत्तम गाणे द्यायला गीतकार-निर्माते सहज तयार होत नसत. तेवढ्यात १९८४ मध्ये ‘होल्ड मी’ पेंडरग्रास यांच्या अल्बमवर आले आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या गाण्यांच्या यादीत, म्हणजे हॉट १०० मध्ये, ४६ व्या क्रमांकापर्यंत गेले. ठरवलेला सुमारे दोन लाख डॉलरचा खर्च अल्बम पुरा होईतो चार लाखांच्या घरात पोहोचला. नव्या गायिकेसाठी त्या काळी ही मोठी रक्कम होती.

अल्बम आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर गेला होता ना?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेली चूक हीच.

बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो ३० मार्च १९८५ च्या अंकात शिरला तो १६६ व्या क्रमांकावर. पहिला क्रमांक मिळाला ८ मार्च १९८६ च्या अंकात, म्हणजे यादीतल्या पन्नासाव्या आठवड्यात. पुढे सलग नव्हे, पण एकूण १४ आठवडे तो पहिला राहिला आणि बिलबोर्डच्या १९८६ च्या वार्षिक यादीतही अव्वल ठरला.

थेट पहिल्या क्रमांकावर उतरला तो तिचा दुसरा अल्बम, ‘व्हिटनी’, २७ जून १९८७ च्या अंकात. गायिकेच्या अल्बमच्या बाबतीत असे तेव्हा पहिल्यांदाच घडले. दोन अल्बमांची नावे ‘व्हिटनी ह्यूस्टन’ आणि ‘व्हिटनी’ इतकी जवळची आहेत की गोंधळ होणारच. लिहिताना नावापुढे साल टाकायची सवय लावून घ्यावी.

मग पन्नास आठवडे का लागले? सुरुवातीला खप कमी होता का?

अपयश म्हणावे इतका कमी कधीच नव्हता, पण नवख्या गायिकेचा अल्बम केवळ नावावर विकला जात नाही. तो गाण्यामागून विकला जातो, आणि गाणी एकामागून एक सोडली जातात. या अल्बमचे वर्ष असे गेले:

‘यू गिव्ह गुड लव्ह’ आधी आले. जुलै १९८५ मध्ये ते हॉट १०० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या, म्हणजे आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

त्यामागून ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’ आले आणि २६ ऑक्टोबर १९८५ च्या अंकात हॉट १०० मध्ये एक आठवडा पहिले राहिले. आधीच्या आठवड्यात तिथे नॉर्वेच्या आ-हा या गटाचे ‘टेक ऑन मी’ होते आणि पुढच्या आठवड्यात स्टीव्ही वंडर आले. स्पर्धा केवढी होती याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

‘हाउ विल आय नो’ १५ फेब्रुवारी १९८६ च्या अंकात पहिले आले आणि दोन आठवडे टिकले. त्याने ज्या गाण्याला खाली ढकलले ते होते ‘दॅट्स व्हॉट फ्रेंड्स आर फॉर’, म्हणजे व्हिटनीची मावसबहीण डिऑन वॉरविक आणि तिच्या मित्रमंडळींचे.

‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ १७ मे १९८६ पासून तीन आठवडे पहिले होते.

आता या तारखांशेजारी अल्बमची तारीख ठेवा. ‘हाउ विल आय नो’ शिखरावर, लगेच २५ फेब्रुवारीला ग्रॅमी सोहळा, आणि ८ मार्चच्या अंकात अल्बम पहिला. प्रत्येक गाण्याने नवा गिऱ्हाईकवर्ग आणला आणि आधीचा गळला नाही. आमच्या मते या अल्बमच्या यशाचे खरे कारण हा क्रम आहे. ‘हाउ विल आय नो’ आधी सोडले असते तर ते गाजले असतेच, पण तिच्याकडे एका नाचाच्या गाण्याची गायिका म्हणून पाहिले गेले असते.

संथ गाणे आधी का सोडले? नवी गायिका म्हटल्यावर ठेक्याचे गाणे आधी येत नाही का?

साधारण तसेच करतात. इथे कंपनीने जाणूनबुजून आधी आर अँड बी रेडिओ गाठायचे ठरवले. ‘यू गिव्ह गुड लव्ह’ त्याच श्रोत्यांना समोर ठेवून निवडले होते; तिथे पाय रोवले की पॉप रेडिओकडे वळायचे, असा बेत. गाणे पॉप यादीतही तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि पुढचे सगळे सोपे झाले.

याच सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या तबकडीच्या, मागच्या बाजूला (बी-साइडला) ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ होते. जे गाणे पुढे तिची ओळख बनले ते वर्षभर लोकांच्या घरात तबकडीच्या पाठीवर पडून होते.

समीक्षकांनी अल्बमची स्तुती केली की टीका?

दोन्ही, बहुतेक वेळा एकाच परीक्षणात. १९८५ च्या परीक्षणांचा सूर असा: आवाज असामान्य, गाणी बेताची. ‘रोलिंग स्टोन’ या संगीत नियतकालिकाने तिला कित्येक वर्षांतल्या सर्वांत रोमांचक नव्या आवाजांमध्ये गणले आणि त्याच दमात गाण्यांच्या दर्जाबद्दल नाराजी दाखवली. ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाचे समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांना अल्बम पटला नाही. आवाजाबद्दल मात्र कोणाचे फारसे दुमत नव्हते.

तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. संथ प्रेमगीते फार. वाद्यमेळ गुळगुळीत, सगळे कोपरे घासून काढलेले. आणि गाणारी व्यक्ती कोण आहे, तिला स्वतःचे काय सांगायचे आहे, ते कळत नाही.

या तक्रारी रास्त होत्या का?

पहिल्या दोन बऱ्याच अंशी रास्त होत्या. जर्मेन जॅक्सन यांच्याबरोबरची युगुलगीते आज ऐकताना पुढे सरकवावीशी वाटतात. त्यांच्या आवाजाचे वजन तिच्यापुढे कमी पडते आणि ती स्वतःला आवरून गाते. ‘समवन फॉर मी’ मधला सिंथेसायझर त्या वर्षाचा शिक्का घेऊन आला आहे आणि तो पुसला जात नाही. दहापैकी चार गाण्यांवर अल्बम उभा आहे हे मान्य करायला हवे. पाचवे म्हणून आम्ही ‘ऑल अ‍ॅट वन्स’ धरतो.

तिसरी तक्रार मात्र चुकीच्या ठिकाणी कान लावल्यामुळे आली. त्या काळच्या रॉक समीक्षेला गायकाने स्वतः गाणे लिहिलेले आवडे. लिहिले नाही तर तो ‘सांगत’ काही नाही, असा समज. मराठी श्रोत्याला हा समज विचित्रच वाटेल, कारण आपल्याकडे कवी, संगीतकार आणि गायक वेगळे असणे हीच रीत आहे आणि गायकाचे म्हणणे आपण त्याच्या उच्चारात, विरामात आणि हरकतीत शोधतो. तसे ऐकले तर ही मुलगी भरपूर काही सांगते. ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’ मध्ये विवाहित पुरुषाची वाट पाहणारी बाई आहे. पहिल्या कडव्यात आवाज जवळजवळ बोलल्यासारखा आहे, ताकद पूर्ण राखून ठेवलेली. टॉम स्कॉट यांच्या सॅक्सोफोननंतर ती राखलेली ताकद बाहेर येते, आणि तेव्हाही शब्द तुटत नाही. चर्चमध्ये गॉस्पेल गात वाढलेल्या गायिकेला आवाज मोठा करता येणारच. कुठे करायचा नाही हे २१ व्या वर्षी कळणे दुर्मीळ आहे.

कृष्णवर्णीय श्रोत्यांनी तिला ‘फार पॉप’ म्हणून नाकारले, हे खरे का?

या अल्बमच्या बाबतीत नाही. आधी साथ दिली ती याच श्रोत्यांनी आणि त्यांच्या रेडिओ केंद्रांनी. ‘यू गिव्ह गुड लव्ह’, ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’ आणि ‘हाउ विल आय नो’ ही तिन्ही गाणी आर अँड बी यादीतही पहिली आली. ‘थिंकिंग अबाउट यू’ तर फक्त याच रेडिओसाठी सोडले गेले आणि पहिल्या दहांत गेले. अल्बमही आर अँड बी अल्बमांच्या यादीत अव्वल होता, आणि तेही पॉप यादीत अव्वल येण्याच्या खूप आधी.

नाराजी नंतरची. दुसऱ्या अल्बमनंतर ती वाढत गेली आणि कृष्णवर्णीय संगीतासाठी दिल्या जाणाऱ्या सोल ट्रेन पुरस्कारांच्या १९८९ च्या सोहळ्यात तिचे नाव घेतल्यावर प्रेक्षागृहातून हुर्यो उडवली गेली. तो प्रसंग मागे नेऊन १९८५ च्या अल्बमला चिकटवणे चुकीचे आहे. मुळातल्या आरोपातला एक भाग मात्र खरा आहे: गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचता यावे असाच हा अल्बम बेतला होता, आणि कंपनीने ते कधी लपवले नाही.

एमटीव्हीचा वाटा किती?

शेवटच्या टप्प्यात मोठा, सुरुवातीला नगण्य. एमटीव्ही सुरू झाले १९८१ मध्ये, आणि कृष्णवर्णीय कलाकारांना पुरेशी जागा न दिल्याबद्दल त्याच्यावर पहिल्या काही वर्षांतच उघड टीका झाली होती. मायकल जॅक्सनमुळे दार थोडे उघडले, पण १९८५ मध्येही संथ आर अँड बी गाण्याला तिथे सहज वाव नव्हता. ‘हाउ विल आय नो’चा रंगीबेरंगी व्हिडिओ आला आणि चित्र पालटले. दिग्दर्शक ब्रायन ग्रँट. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत गायिकेच्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान याच व्हिडिओला मिळाला.

‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’चा व्हिडिओ हार्लेममधल्या अपोलो थिएटरमध्ये चित्रित झाला आणि त्यात सिसी ह्यूस्टन स्वतः दिसतात. ‘हाउ विल आय नो’ मध्ये मागे कोरसला जे आवाज आहेत त्यांतही त्या आहेत. हेडफोन लावून ऐका, आई-मुलीचे आवाज एकमेकांत कसे मिसळतात ते कळेल.

ग्रॅमीचा ‘सर्वोत्तम नवोदित’ पुरस्कार तिला का मिळाला नाही?

तिचे नाव नामांकनातच नव्हते. नियमानुसार आधीच्या पात्रता वर्षात ज्याचे नाव ध्वनिमुद्रणावर ठळकपणे आले आहे तो नवोदित धरला जात नसे. १९८४ मधली पेंडरग्रास आणि जर्मेन जॅक्सन यांच्याबरोबरची युगुलगीते आड आली. वर्षातली सर्वांत गाजलेली नवी गायिका नवोदित नाही, असे ठरले! क्लाइव्ह डेव्हिस यांनी बिलबोर्डमध्ये लेख लिहून जाहीर निषेध केला. पुरस्कार शादे यांना मिळाला.

१९८६ च्या सोहळ्यात तिला तीन नामांकने होती. त्यांतले एक वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठी होते. तो पुरस्कार फिल कॉलिन्स यांना गेला. ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’साठी सर्वोत्तम पॉप गायिकेचा पुरस्कार तिने जिंकला आणि तो तिच्या हाती देणारी व्यक्ती डिऑन वॉरविक होती. त्या सोहळ्यात तिने हेच गाणे गायले, आणि त्या सादरीकरणासाठी तिला एमी हा टीव्ही क्षेत्रातला पुरस्कारही मिळाला. पुढच्या वर्षी ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ला वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचे नामांकन होते. अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचे आकडे वेगळे: १९८६ मध्ये दोन, १९८७ मध्ये पाच. दोन सोहळ्यांची बेरीज एकाच सालावर टाकलेली अनेक ठिकाणी दिसते.

१९८५ चे चार्ट कसे मोजले जात? आजच्या आकड्यांशी तुलना चालेल का?

थेट तुलना चालणार नाही. तेव्हा दुकानातल्या विक्रीची यंत्राने नोंद होत नव्हती. बिलबोर्ड निवडक दुकानांना विचारी की या आठवड्यात काय जास्त गेले, आणि दुकानदार प्रत नव्हे तर क्रम सांगत. त्यावरून गुण आणि गुणांवरून यादी. हॉट १०० मध्ये सिंगलच्या विक्रीबरोबर रेडिओ केंद्रांनी कळवलेली गाण्यांची यादीही धरली जाई.

बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजणारी साउंडस्कॅन पद्धत बिलबोर्डच्या अल्बम यादीला मे १९९१ पासून लागू झाली. ती आल्यावर नवे अल्बम थेट वरच्या क्रमांकांवर उतरणे नेहमीचे झाले. त्याआधी अल्बम तळातून हळूहळू वर चढत. म्हणून १६६ वरून सुरुवात ही त्या काळात लाजिरवाणी गोष्ट नव्हती, आणि १९८७ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरणे आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होते.

आणखी एक. बिलबोर्डच्या अंकावर छापलेला शनिवार पुढच्या तारखेचा असतो. अंक आधीच बाजारात आलेला असतो आणि आकडे त्याच्याही आधीचे असतात. ‘८ मार्चला अल्बम पहिला आला’ असे न लिहिता ‘८ मार्चच्या अंकात’ असे लिहावे.

‘१३ वेळा प्लॅटिनम’ म्हणजे १ कोटी ३० लाख प्रती विकल्या गेल्या का?

जवळपास, पण अगदी तसे नाही. अमेरिकेत प्रमाणपत्र देते ती ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना, आरआयएए. ५ लाख प्रतींना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, त्यापुढे दर दहा लाखांना एकेक प्लॅटिनम वाढते. १ कोटीला डायमंड. ही पातळी १९९९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये या अल्बमला १३ पट प्लॅटिनमची नोंद मिळाली.

गोम अशी की इथे मोजली जाते ती दुकानांकडे रवाना झालेली प्रत, परत आलेल्या प्रती वजा करून. गिऱ्हाइकाने घेतलेली प्रत वेगळी. दुसरे, प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करायचा, शुल्क भरायचे, हिशेब तपासून घ्यायचा. अर्ज केला नाही तर खप वाढूनही आकडा जुनाच राहतो. १९९९ ला आकडा वर गेला म्हणून त्याच वर्षी प्रती खपल्या असा अर्थ काढू नये. २०१६ पासून अल्बमच्या प्रमाणपत्रात स्ट्रीमिंगही धरतात. १५०० वेळा ऐकले की एक अल्बम.

देश बदलला की पट्टीही बदलते. ब्रिटनमध्ये अल्बमचे प्लॅटिनम ३ लाखांना मिळते. निरनिराळ्या देशांची प्लॅटिनमे एकत्र मोजून ‘एकूण इतकी’ असे लिहिण्यात काही अर्थ नाही.

जगभरात अडीच कोटी प्रती, हा आकडा बरोबर आहे का?

हा आकडा सर्रास छापला जातो. जागतिक खप मोजणारी एकच यंत्रणा त्या काळात नव्हती. कंपनीचे दावे, वितरकांचे अंदाज आणि प्रमाणपत्रे यांतून असे आकडे बनतात. वापरायचा असेल तर ‘सुमारे’ आणि ‘सांगितले जाते’ हे शब्द सोबत ठेवावेत. ज्यामागे कागद आहे असा आकडा हवा असेल तर अमेरिकेचे प्रमाणपत्र द्यावे.

अमेरिकेबाहेर काय झाले?

ऑस्ट्रेलियात अल्बम ११ आठवडे पहिला होता. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पण ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’ डिसेंबर १९८५ मध्ये तिथे पहिले आले. ‘ऑल अ‍ॅट वन्स’ अमेरिकेत दुकानात सिंगल म्हणून मिळत नव्हते, युरोपात मात्र सोडले गेले आणि नेदरलँड्स व बेल्जियममध्ये चांगले गाजले. डच माणसाला विचाराल तर अल्बममधले ‘मोठे’ गाणे कोणते याचे उत्तर वेगळे येऊ शकते.

सलग सात गाणी पहिल्या क्रमांकावर, हा विक्रम याच अल्बमचा ना?

सातांपैकी तीन याचे: ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’, ‘हाउ विल आय नो’ आणि ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’. उरलेली चार १९८७ च्या अल्बमची; सातवे एप्रिल १९८८ मध्ये आले आणि बीटल्स व बी जीज यांचा सहाचा विक्रम मोडला.

चिकित्सक वाचक इथे विचारतात की मध्ये ‘थिंकिंग अबाउट यू’ आले होते, ते पॉप यादीत पहिले आले नाही, मग सलग कसे? ते पॉप रेडिओसाठी सोडलेच नव्हते, म्हणून मोजत नाहीत. हा हिशेब पटणे न पटणे वेगळे, पण विक्रमाच्या नोंदी याच रीतीने होतात.

गाणी सगळी नवी होती का?

नव्हती, आणि समीक्षकांच्या ‘बेताची गाणी’ या तक्रारीला हेही एक कारण असावे. ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ मासर आणि लिंडा क्रीड यांनी मुहम्मद अली यांच्यावरच्या चित्रपटासाठी लिहिले होते. जॉर्ज बेन्सन यांनी ते १९७७ मध्ये गायले. क्लाइव्ह डेव्हिस ते घ्यायला फारसे राजी नव्हते, पण व्हिटनी क्लबमध्ये ते गात आली होती आणि तिला ते हवे होते. लिंडा क्रीड कर्करोगाने १० एप्रिल १९८६ रोजी गेल्या. गाणे पहिले आले ते पाच आठवड्यांनी. ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’ मॅरिलिन मक्कू आणि बिली डेव्हिस ज्युनियर यांच्या १९७८ च्या अल्बमवर होते. ‘होल्ड मी’ची चाल डायना रॉस यांनी १९८२ मध्ये वेगळ्या नावाने गायली होती. ‘हाउ विल आय नो’ जॅनेट जॅक्सनसाठी लिहिले गेले, तिच्या व्यवस्थापकांनी ते नाकारले.

जुने ध्वनिमुद्रण आणि व्हिटनीचे एकापाठोपाठ ऐकावे. बेन्सन यांचे गाणे सुबक आहे, पण ते एकाच उंचीवर चालते. तिचे गाणे पायरीपायरीने चढते.

आज समीक्षक या अल्बमकडे कसे पाहतात?

बरेच मवाळपणे. ‘रोलिंग स्टोन’च्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत तो २००३ मध्ये २५४ वा होता, २०२० च्या नव्या यादीत २४९ वा. मधल्या काळात परीक्षकांची पिढी बदलली, रॉकचे वजन कमी झाले, तरी हा अल्बम जागचा हलला नाही. त्याची आजची किंमत बरीचशी त्याच्या मागून आलेल्या गायिकांमुळेही आहे: मारिया कॅरी, सेलीन डियॉन आणि नंतर टीव्हीवरच्या गायन स्पर्धांमध्ये एकेका शब्दावर लांब हरकती घेणारे शेकडो स्पर्धक. त्या अतिरेकाची सवय झालेल्या कानांना हा अल्बम आश्चर्यकारकरीत्या संयत वाटतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने काय ऐकावे?

पूर्ण अल्बम सुरुवातीपासून लावू नका. मध्येच कंटाळा येण्याची शक्यता आहे. आधी ‘यू गिव्ह गुड लव्ह’, मग ‘सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू’, मग ‘ऑल अ‍ॅट वन्स’, ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ आणि शेवटी ‘हाउ विल आय नो’. श्वास कुठे घेते याकडे लक्ष द्या. स्ट्रीमिंगवर ‘सर्वोत्तम गाणी’ छापाच्या संग्रहांत यांतली काही गाणी रिमिक्स रूपात येतात, म्हणून अल्बमचे नाव आणि १९८५ हे साल पाहून घ्यावे. २०१० मध्ये २५ वर्षांनिमित्त वाढीव आवृत्ती निघाली. तिच्यात मूळ दहा गाण्यांपुढे जादा ध्वनिमुद्रणे आहेत, ती मूळ अल्बमचा भाग नाहीत.

‘आय वॉना डान्स विथ समबडी’ आणि ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ या अल्बममध्ये का सापडत नाहीत?

पहिले १९८७ च्या अल्बमचे, दुसरे १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेचे. हे तिन्ही अल्बम अमेरिकेत डायमंड आहेत. तिसरे डायमंड २०२० मध्ये १९८७ च्या अल्बमला मिळाले, आणि तीन डायमंड अल्बम असलेली ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली.